चोरकप्प्यातला हिशेब

आमच्या जुन्या कपाटात सापडलेल्या हिशेबाच्या कागदाचा "फोटो टाक ना" म्हणून मेसेज करणाऱ्या सगळ्यांना एकदमच सांगते: फोटो टाकणार नाही. आणि "जुना कागद तो, दे रद्दीत" म्हणणाऱ्यांना तर त्याहून ठाम नाही.

साताऱ्यातच एका जुन्या सामानाच्या दुकानातून आम्ही सागवानी कपाट घेतलं. पॉलिशला आलेल्या सुतारमामांना आतल्या दोन खणांची शंका आली. बाहेर काढून शेजारी ठेवले, तर एक दुसऱ्यापेक्षा चांगला चार बोटं आखूड. मामांनी आत हात घालून मागची फळी वर सरकवली. चोरकप्पा! त्यात घडी घातलेला कागद. कॅलेंडरचं पान, आणि पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात हिशेब.

"आक्काच्या औषधाला २ रु. ४ आ. बापूच्या फीला ३ रु. माहेरी मनिऑर्डर ५ रु., पावती फाडली. बाकी नेहमीच्या जागी. ह्यांना सांगणे नाही."

सालाचा कोपरा फाटलाय. पण हिशेब आण्यांत आहे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, त्यानंतरही आणे लोकांच्या तोंडी होतेच, त्यामुळे कागद साधारण त्या सुमाराचा किंवा आधीचा असावा. नेहमीची जागा कुठली, हे कपाट पालथं घालूनही कळलं नाही.

मला मात्र "पावती फाडली" हे दोन शब्द सोडत नाहीत. आईबापाला पाच रुपये पाठवले, त्याचा पुरावा स्वतःच्याच हाताने नाहीसा करायचा! हिंदू वारसा कायदा आला १९५६ ला. त्याआधी कितीतरी घरांत बाईच्या हक्काचं म्हणावं असं अंगावरच्या दागिन्यांपलीकडे काही नसायचं, आणि कायदा आला म्हणून घरातली रीत काही दुसऱ्या दिवशी बदलली नाही. खर्चातून चार आणे वाचवायचे, तेही लपवून.

आपल्या जिल्ह्याला जुन्या कागदांचं मोल कुणी शिकवायला नको. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला, तो वाईत मिळालेल्या कागदांवर, पानिपतच्या काळातल्या पत्रांवर. ती पत्रं जपली याचा मला अभिमानच आहे. पण ती सरदारांची, कारभाऱ्यांची. घर चालवणारीचा कागद कुठल्या दप्तरात मिळणार? तिने तो फाडला, जाळला, नाहीतर असा फळीमागे सारला. म्हणून हा हिशेबही तितक्याच मोलाचा ऐवज आहे असं मी म्हणते, आणि यावर कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

तो भिंतीवर टांगायचा नाही, त्यावर रील करायचं नाही. जे तिने घरच्यांपासून लपवलं, ते तिच्या अक्षरासकट जगाला दाखवण्याचा हक्क मला कपाटाच्या किमतीत मिळालेला नाही. इथे लिहिलंय तेही ओळख पटणार नाही एवढंच.

तुम्हाला असं काही सापडलं तर कृपा करून लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक कागद पिवळा करून खातो. सपाट करून कोऱ्या कागदात ठेवा. मोडी लिपीत असेल तर मोडी वाचणाऱ्याला दाखवा. आणि वाड्यातलं सामान विकायला काढलंय त्यांनी आधी प्रत्येक खण पूर्ण बाहेर काढून मागे हात घालून बघा, दुकानदार थांबेल तेवढा वेळ.

साताऱ्यातल्या कुणी अलीकडे आजीचं सागवानी कपाट विकलं असेल, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. दाराच्या आतल्या अंगाला काय कोरलंय ते सांगा. जुळलं तर कागद तुमच्या घरी आणून देईन.