नऊ जण ‘नक्की’ होते

‘मी नक्की’ म्हणताना लोक ‘नक्की’ हा शब्द नेमका कशासाठी वापरतात, हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगा. शनिवारनंतर मला तरी त्याचा अर्थ एवढाच कळलाय: सकाळी जाग आली तर बघू.

बेत साधा होता. धबधब्याला जायचं, पहाटे निघायचं, अंधार पडायच्या आत घरी. मुक्काम नाही, हॉटेल नाही, खायचं-प्यायचं ज्याने त्याने घरून आणायचं, एकच मोठी गाडी भाड्याने घ्यायची आणि कॉन्ट्री काढायची. स्वस्तात मस्त. ही कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. ज्याची होती तो आलाच नाही. मी फक्त ‘गाडीचं मी विचारते’ एवढं एक वाक्य ग्रुपवर टाकलं आणि त्याची शिक्षा अजून भोगतेय.

आठवडाभर नुसता इमोजींचा पूर. तारीख विचारली की अंगठा, वेळ विचारली की नाचणारी बाई, पैसे विचारले की शांतता. इतकी शांतता की मेसेज पोचला का, हे मी दोनदा उघडून बघितलं. पोचला होता. बाकीच्या आठही जणांनी वाचला होता. ‘आधी पाठवा ना पैसे’ म्हटल्यावर एकाने लिहिलं, ‘अगं, मित्रांवर विश्वास नाही का?’ होता ना. म्हणून तर ॲडव्हान्स मी स्वतःच्या खिशातून भरला.

पहाटे साडेपाचला ठरल्या जागी मी एकटी. सहाला दोघं आले. मग गळती सुरू झाली. पहिल्याला ताप, जो ताप आदल्या रात्री बारा वाजता कुणाच्या तरी स्टेटसवर मस्त नाचत होता. दुसरीकडे अचानक पाहुणे. तिसऱ्याचा फोन बंद. चौथ्याने सहा वाजून चाळीस मिनिटांनी फोन उचलून विचारलं, ‘अरे, आज होतं का ते?’ आजच होतं रे, राजा. तूच तारीख सुचवली होतीस.

आता इथे जरा थांबते, कारण खरी आग इथे आहे. गाडीचं भाडं डोकी मोजून कमी होत नाही. इंधन तेवढंच, टोल तेवढाच, चालकाचे पैसे तेवढेच. जे नऊने भागायचं ते पाचाने भागलं की प्रत्येकाचा वाटा थेट ८० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे न आलेल्या चौघांना आम्ही पाच जण मांडीवर बसवून घेऊन गेलो आणि मांडीवर बसवून परत आणलं. आणि पाचच असतो तर एवढं धूड लागलंच कशाला असतं? साधी छोटी गाडी पुरली असती. आदल्या संध्याकाळी नुसतं ‘जमत नाही’ एवढं कळवलं असतं, तरी बदलून मिळाली असती. दोन शब्द. इमोजी टाकला असता तरी चाललं असतं, इतके दिवस तेच तर टाकत होतात!

पण नाही. ‘नाही’ म्हणायला संकोच वाटतो म्हणे. दुसऱ्याच्या पैशांचा चुराडा करायला वाटत नाही.

निघालो शेवटी आठला. पाचवा भिडू सनस्क्रीन शोधत होता. एवढं काय बिघडलं, असं वाटणाऱ्यांसाठी सांगते, लवकर निघण्यामागे मला पहाट आवडते असलं काही कारण नव्हतं. मलाही झोप प्रिय आहे. उशिरा पोचलं की गाडी लावायला जागा नाही, पाण्यापर्यंतच्या पायवाटेवर रांग, आणि धबधबा असतो घळीत, तिथलं ऊन बाहेरच्यापेक्षा खूप आधी जातं. शिवाय डोंगरात जमीन तापून जे ढग तयार होतात ते बहुतेकदा दुपारनंतरच कोसळतात. म्हणून सकाळी जायचं, सकाळीच भिजायचं आणि निघायचं. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं होतं. उत्तर आलं होतं, ‘मॅडम क्लास घेतायत’, पुढे हसून लोळणारे तीन चेहरे.

मॅडमचं ऐकलं नाही, त्यामुळे आम्ही पोचलो भर दुपारी. धबधब्याबद्दल तक्रार नाही. धबधबा आपलं काम इमानेइतबारे करत होता. तक्रार आमच्यातल्या एका हिरोबद्दल आहे. नाव घेत नाही, वाचेल तेव्हा कळेल त्याला. गाडीतून उतरल्याबरोबर त्याला पाण्याच्या अगदी खाली, कातळाला चिकटून उभा असलेला फोटो हवा होता. मी म्हटलं, शेवाळ आहे, बुळबुळीत आहे, नको जाऊस. तर म्हणे, ‘मला पोहता येतं.’

आता याला काय बोलायचं! शेवाळावरून पाय सटकून डोकं आपटायला पोहता यावं लागत नाही. आणि वरून पाण्याबरोबर दगडही येतात. २० मीटरवरून सुटलेला दगड खाली पोचतो दोन सेकंदांत, आणि पोचतो तेव्हा त्याचा वेग असतो ताशी सत्तरेक किलोमीटर. ‘अरे बाजूला हो’ म्हणेपर्यंत सगळं संपलेलं असतं. राहता राहिलं पोहणं. धबधब्याच्या पायथ्याशी जो पांढराशुभ्र फेस दिसतो, ज्यात लोक हात पसरून रील काढतात, त्यात निम्मी हवाच असावी असं ते पाणी असतं. असं पाणी माणसाला नीट तोलूनच धरत नाही. वरून पडणारी धार खाली दाबते आणि खालचा प्रवाह गोल फिरून पुन्हा धारेखाली ओढतो. तरणतलावातलं पोहणं तिथे काय कामाचं?

बरं, एवढ्यावर भागलं नाही. तीनच्या सुमाराला पाण्याचा रंग बदलला. आधी नितळ होतं, ते चहासारखं झालं, पाठोपाठ पानं आणि काटक्या वाहत यायला लागल्या, आवाजही जड झाला. याचा अर्थ एकच, वर कुठेतरी पाऊस झालाय आणि ते पाणी खाली येतंय. मी ओरडले, सगळे बाहेर या. हिरो म्हणतो, ‘इथे तर ऊन आहे!’ अरे, पाऊस तुझ्या डोक्यावर पडायला पाहिजे असं नाही, ओढ्याच्या उगमाकडे पडला की पुरे! दोघांनी मला काकूबाई म्हटलं. मी एकाची कॉलर धरली (हो, खरोखर धरली) आणि सगळ्यांना वर काढलं. दहा मिनिटांत, ज्या खडकावर आमच्या पिशव्या होत्या तो खडक दिसेनासा झाला. पिशव्या अर्थात मीच उचलल्या होत्या. त्यावर हिरोचं पहिलं वाक्य काय असावं? ‘छ्या, याचा व्हिडिओ पाहिजे होता.’

परतताना गाडीत सगळे ओले आणि गाढ झोपलेले. कचऱ्याची पिशवी कुणाच्या पायाशी होती, हे सांगायला नकोच.

आणि रविवारी हिशेब. ग्रुपवर एक-एक आकडा लिहून टाकला: भाडं, टोल, पार्किंग, सगळं. त्यावर एकीचं म्हणणं, मी पाण्यात उतरलेच नाही. बाई, मी पाण्याचे पैसे मागतच नाहीये! पाणी फुकट होतं, त्या सगळ्या दिवसात फुकट तेवढंच होतं. हिरो म्हणतो, परतताना मी अलीकडेच उतरलो होतो, तर माझे थोडे कमी कर. आणि घरी राहिलेल्या चौघांचं तर एकमुखाने ठरलंय, ‘आम्ही आलोच नाही, मग पैसे कसले?’

रेल्वेचं तिकीट काढून तुम्ही घरी झोपलात, तर स्टेशनमास्तरला फोन करून हेच विचारता का? तुमच्यासाठी जागा धरली होती. ती रिकामी गेली. रिकाम्या जागेचंही भाडं लागतं, आणि ते सध्या मी भरलंय. स्वस्त सहल म्हणतात ती हीच, बाकीच्यांना स्वस्त पडलेली.

बुधवार उजाडला तरी दोघांचेच पैसे आलेत. बाकीचे निळ्या खुणा देऊन गप्प. आज सकाळी मात्र ग्रुप अचानक जागा झाला. हिरोचा मेसेज: ‘फोटो टाक ना, धबधब्याखालचा सोलो आधी. आणि फुल साइझ पाठव, व्हॉट्सॲपवर फाटतात.’ खाली ताप आलेल्याचा बदाम.

फोटो आहेत माझ्याकडे. दोनशे चौदा, सगळे फुल साइझ, सोलो तर अप्रतिम आलाय. हिशेबाचा मेसेज ग्रुपवर पिन करून ठेवलाय, ग्रुप उघडला की तो वरच दिसेल.