फजितीची छापील किंमत

कापूस विकायला जाताना सोबत पुस्तक नेऊ नये. नेलंच तर रडकं न्यावं.

जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यावर, ट्रॅक्टरांची रांग पार सडकेपर्यंत आलेली. मी कापसाच्या ढिगावर बसून वाचनालयातलं पुस्तक उघडलं. कोणा शहरी माणसानं स्वतःवरच लिहिलेले विनोदी लेख. असलं पुस्तक पहिल्यांदाच वाचत होतो. तो दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत अडकला आणि मी खदखदून हसलो. नेमका त्याच वेळी पुढच्या म्हाताऱ्याच्या कापसात ग्रेडरनं, म्हणजे कापसाची प्रत तपासणाऱ्यानं, ओलावा मोजायची मशीन खुपसली. "१३." ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की कापूस परत.

म्हातारा गर्रकन वळला. "काहून हासून राह्यला बे?"

"तुमच्यावर नाही बाबाजी, पुस्तकावर."

"काय हाये त्याच्यात?"

"एका मानसानं सोताची फजिती लिवली."

"सोताची? अन् गावभर वाटली?" त्यानं अख्खी रांग गोळा केली. "वाच बरं मोठ्यानं!"

वाचलं. एक जण हसेल तर शपथ. "दात दुखते त तंबाखू-खर्रा सोड म्हना त्याले," एवढाच अभिप्राय. मग म्हाताऱ्यानं पुस्तक उलटं करून मागचा कोपरा डोळ्याजवळ नेला.

"अडीचशे? छापून देल्ली किंमत? मंग याच्या फजितीत कोनी मशीन नाही खुपसत? ओली हाये म्हनून भाव नाही पाडत?"

आता मात्र रांग पोट धरून हसली. माझ्याकडे बोटं दाखवून. लेखक तिकडे शहरात, हसं माझं!

मराठी विनोदाचे आद्य पुरुष श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आमच्याच बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदला वकिली करायचे, हे सांगून वऱ्हाडाची अब्रू वाचवावी असं फार वाटलं. पण रांगेत इतिहास कोण ऐकतो?

तसं म्हाताऱ्याचं चुकलं काय? २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, तोही पुरा मिळणार ओलावा ८ टक्क्यांच्या आत असेल तर; त्याच्या वर गेला की भाव पाडतात. रात्रभर उघड्यावर रांगेत उभं ठेवायचं, दव पडू द्यायचं, अन् सकाळी मशीन घेऊन यायचं. कापूस काय घरून भिजवून आणतो आम्ही?

माझा नंबर लागला. साडेबारा. परत.

"पुस्तक ठेवून जा ना भाऊ," ग्रेडर म्हणाला, "दुपारी टाइम जात नाही."

वाचनालयाचं आहे म्हटलं, तर म्हणतो, "पाहू." अन् ठेवून घेतलं.