रिपोर्ट मुलीचा, मग त्यात आईचं नैराश्य कशाला?

ऑटिझमच्या निदानाच्या रिपोर्टमधून घरच्यांची खासगी माहिती वगळायला सांगा, या माझ्या सल्ल्यावर तुम्ही चिडलात. ऑटिझम बराचसा आनुवंशिक, घरातलं लपवलं तर निदान चुकेल, आणि अशा लपवाछपवीनेच कलंक टिकून राहतो, असं तुमचं म्हणणं. तुमच्या मुलीचा अख्खा रिपोर्ट शाळेत आधीच गेलाय, हेही तुम्ही लिहिलंत. त्याकडे शेवटी येते.

आनुवंशिकतेबद्दल वाद नाही. फोल्स्टीन आणि रटर या संशोधकांनी जुळ्यांच्या अभ्यासातून ती दाखवली, तो अभ्यास १९७७ चा. नंतरच्या अभ्यासांनी तेच अधिक ठळक केलं. किशोरवयात निदान करताना तर पालकांची साक्ष जास्तच लागते. डीएसएम-५ या निदानाच्या अमेरिकन नियमावलीप्रमाणे लक्षणांची सुरुवात लहानपणीच झालेली असावी लागते, आणि दोन वर्षांची असताना आपण बोट दाखवून वस्तू मागायचो का, हे पंधराव्या वर्षी कुणाला आठवणार? म्हणून एडीआय-आर ही ऑटिझमच्या निदानासाठीची ठरावीक प्रश्नांची मुलाखत पालकांची घेतात. ती दीड-दोन तास सहज चालते. तिथे काहीही लपवू नका, असंच माझंही मत आहे.

माझा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. एवढा वेळ बोलताना माणूस मोकळा होतो. नवऱ्याशी पटत नाही, मधे गर्भपात झाला होता, दिराला दारूचं व्यसन आहे, सगळं निघतं. आणि ते ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ या मथळ्याखाली जसंच्या तसं टाइप होतं. परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून तीच फाइल शाळेत जाते. दिराच्या दारूचा आणि जादा वेळेचा संबंध काय, ते मला कुणी सांगावं! ‘जवळच्या नात्यात ऑटिझमचं निदान झालेलं आहे’ एवढं वाक्य बहुतेक वेळा पुरतं. कोणाचं, हे लिहायची गरज नसते. सगळ्यात वाईट म्हणजे ‘वडिलांमध्येही अशी लक्षणं जाणवली’ हे वाक्य. वडील तपासणीला आलेच नव्हते, त्यांनी ना चाचणी दिली ना संमती, आणि त्यांच्याबद्दलचा अंदाज मुलीच्या कागदावर कायमचा बसला.

कलंकाचं म्हणाल तर इतिहास उलटं सांगतो. ऑटिझमवर सुरुवातीला लिहिणारे मनोविकारतज्ज्ञ कॅनर यांनी १९४३ च्या आपल्या लेखातच पालकांच्या थंडपणाची नोंद केली होती. पुढे बेटेलहाइम या लेखकाने ऑटिझमसाठी आयांनाच दोषी धरणारी समजूत लोकप्रिय केली. स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये ती खोडून काढली, तरी ती पुरती गेलेली नाही. अशा वेळी शाळेतल्या कुणी ‘आईला नैराश्य’ वाचलं की ते कारण म्हणूनच वाचलं जातं. उघडपणा हवाच, पण आईने स्वतः सांगणं निराळं आणि तिला न विचारता तिची फाइल फिरणं निराळं.

आणखी एक, ज्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. तो रिपोर्ट मुलगी स्वतः वाचणार आहे, आज नाही तर चार वर्षांनी. ‘हे मूल आम्हाला नको होतं’ असं आई कधी रडत बोलली असेल, तर ते तिला छापील स्वरूपात कळावं का? शाळेला काय द्यायचं हेही तिलाच विचारा. या वयातल्या मुलांची त्याबद्दल ठाम मतं असतात.

याला अपवाद आहे. स्वतःला इजा करणं, घरातला छळ, हे खासगी म्हणून दडपायचं नसतं. ज्यांनी मुलीला सांभाळायचं आहे त्यांना ते कळलंच पाहिजे.

बाकी करायचं ते साधं आहे. रिपोर्ट कोणाकोणाकडे जाणार, हे पहिल्याच भेटीत विचारावं. पक्का होण्याआधी मसुदा वाचायला मागावा. तथ्याच्या चुका आणि अनावश्यक तपशील यांवर बोलावं. निष्कर्षात हात घालू नये. शाळेसाठी एक-दोन पानी वेगळं पत्र मागावं: निदान, अडचणी, कोणती मदत हवी. स्वतः फाइलमधली वाक्यं मात्र खोडू नका, बदललेल्या कागदावर पुढे कुणी विश्वास ठेवत नाही.

आता तुमच्या मुलीचं. तपासणी करणाऱ्यांकडून असं छोटं पत्र घ्या आणि मोठ्या रिपोर्टऐवजी तेच फाइलला ठेवावं, असा अर्ज शाळेला लेखी द्या. जुनी प्रत परत मागा. ती ईमेलने गेली असेल तर कोणाकोणाला पाठवली गेली, हेही त्याच अर्जात विचारा. शाळा कदाचित नाही म्हणेल; मग ती फाइल कोण उघडू शकतं, एवढं तरी लिहून घ्या.