आयर्न शेखचे बूट आले कुठून? एका पैलवान वाचकाला उत्तर

नमस्कार. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत खलनायक म्हणून गाजलेल्या इराणी आयर्न शेखच्या वर वळलेल्या टोकांच्या बुटांवर मी लिहिलेला लेख तुम्हाला पटला नाही, आणि का पटला नाही हे तुम्ही नीट मांडलंत. तुमचं पहिलं म्हणणं असं, की अशी पादत्राणं इराण-तुर्कस्तानापासून आपल्या मोजडीपर्यंत सगळीकडे सापडतात, मग त्यांना ‘अमेरिकी रंगमंचाची देणगी’ का म्हणायचं? दुसरं, हे बूट रिंगमध्ये आणले ते आयर्न शेखनेच, मी श्रेय एड फरहात या भलत्याच पैलवानाला दिलं. आणि तिसरं, जिथे निकाल आधीच ठरलेला असतो त्या खेळातल्या कपड्यांचा इतिहास शोधण्यात काय हशील?

टोक वळलेलं पादत्राण खरं आहे आणि फार जुनं आहे, याबद्दल आपलं दुमत नाही. तुर्कस्तानात यझलकाया इथे हित्ती लोकांनी खडकात कोरलेल्या देवांच्या पायांत ते दिसतं, आणि ती शिल्पं ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकातली आहेत. सर्बियातल्या शेतकऱ्यांच्या वहाणांना असं टोक असायचं, अथेन्समधल्या पहारेकऱ्यांच्या गोंडेवाल्या जोड्यांना आजही असतं. पण माझा प्रश्न वेगळा होता. ते घालून कुस्ती कोण खेळत होतं? तुम्ही तालमीत वाढलेले आहात, लाल मातीत पैलवान अनवाणी उतरतो हे मी तुम्हाला काय सांगणार. इराणच्या जोरखान्यातही, म्हणजे तिथल्या पारंपरिक तालमीतही, अनवाणीच व्यायाम चालतो. तुर्कस्तानातले तेल लावून लढणारे मल्ल कातडी विजार घालतात, पाय मात्र उघडेच. मॅटवर आलं की चपट्या तळव्याचे, घोट्यापर्यंत घट्ट बांधलेले बूट लागतात. पुढे आलेलं टोक कुठल्याही पकडीत अडचणच करणार. म्हणजे कुस्तीच्या कुठल्याही परंपरेतून हे बूट आलेले नाहीत.

अमेरिकेत मात्र ‘पूर्वेकडचा माणूस’ दाखवायचा एक ठरलेला वेश होता. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कैरोची आख्खी गल्ली उभी केली होती. १८७२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या श्राइनर या बंधुसंघाच्या मंडळींनी लाल तुर्की टोप्या आणि ‘अरबी’ थाटाच्या मिरवणुका गावोगाव नेल्या. १९२०च्या दशकात मूकपटांनी वाळवंट, तंबू आणि शेख घरोघरी पोहोचवले. फेटा, ढगळ विजार आणि वळलेल्या टोकाचा जोडा असा तो सगळा संच. त्यातला माणूस अरब आहे की तुर्क की इराणी, हे कुणी विचारत नव्हतं.

हा संच रिंगमध्ये गाजवला एड फरहातने. तो मिशिगनमधल्या लॅन्सिंगचा, लेबनॉनहून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबातला, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होता. रिंगमध्ये तो ‘द शेख’ व्हायचा. डोक्यावर अरबी रुमाल, पायांत टोकदार, वळलेले बूट. लढतीआधी गालिचा अंथरून नमाज पढायचा, इंग्रजीत चकार शब्द बोलायचा नाही, प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर आगीचा गोळा फेकायचा. डेट्रॉइटचं कोबो अरेना त्याने वर्षानुवर्षं भरवलं. हे सगळं आयर्न शेखच्या पुष्कळ आधी झालं, म्हणून श्रेयाबाबत मी माझ्या मतावर ठाम आहे.

आता हुसेन खोसरो अली वझिरी, म्हणजेच आयर्न शेख. माझा जीव या माणसात अडकतो. दामगानमध्ये १९४२ साली जन्मलेला हा खराखुरा पैलवान. त्याचं दैवत इराणी पैलवान गुलामरझा तख्ती. आपल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्य मिळवलं, त्याच स्पर्धेत तख्तींनी रौप्य मिळवलं होतं. १९६८ साली तख्तींचा संशयास्पद मृत्यू झाला आणि त्यानंतर वझिरी अमेरिकेला गेला. १९७१ साली तिथली ग्रीको-रोमनची राष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकली, १९७२च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकी संघाचा तो सहायक प्रशिक्षक होता. मग मिनेसोटात व्हर्न गान्याकडे व्यावसायिक कुस्ती शिकला. खलनायकाची भूमिका आली तेव्हा डोकं भादरलं, मिशा पिळदार केल्या, आणि फरहातच्या थाटाचे बूट पायांत आले. त्याला नाव काय दिलं? ‘द ग्रेट हुसेन अरब’. इराणी माणसाला अरब म्हणून उभं केलं! पुढे १९९१च्या आखाती युद्धाच्या वेळी त्यालाच ‘कर्नल मुस्तफा’ नावाचा इराकी केलं. त्याच इराकशी त्याच्या देशाने नुकतंच आठ वर्षं युद्ध केलं होतं. नावं ठेवणाऱ्यांना इराणशी कर्तव्य नव्हतं, आणि बुटांची गोष्टही तीच, असं मी म्हणतो ते यामुळे.

त्याने त्या बुटांचं हत्यार केलं, हे श्रेय मात्र पूर्णपणे त्याचं. लढत रंगात आली की टोक मॅटवर ठकठक आपटायचा. आत लपवलेलं काहीतरी जड पुढे सरकलं, अशी प्रेक्षकांची समजूत व्हायची आणि त्या लाथेआधीच सभागृह ओरडायला लागायचं. १९७९ साली तेहरानमधल्या दूतावासात अमेरिकी लोकांना ओलीस धरलं गेलं, ते ४४४ दिवस चाललं. त्यानंतर तर ‘इराण’ हा शब्द उच्चारला तरी लोक पेटायचे. २६ डिसेंबर १९८३ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने बॉब बॅकलंडकडून व्यावसायिक कुस्तीचं अजिंक्यपद घेतलं आणि महिन्याच्या आत, २३ जानेवारी १९८४ रोजी, ते हल्क होगनला गेलं.

तुमच्या तिसऱ्या मुद्द्याला उत्तर बुटांत नाही, त्याच्या मीलमध्ये आहे. मील म्हणजे जोरखान्यातले जड लाकडी मुद्गल, आपल्या तालमीतल्या मुद्गलांचेच भाऊबंद. तो ते रिंगमध्ये आणायचा, खांद्यामागून फिरवून दाखवायचा आणि समोरच्याला आव्हान द्यायचा. निकाल कितीही आधी ठरला असला तरी मुद्गल फिरवण्याचं सोंग करता येत नाही, हे तुमच्या खांद्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. त्या एकाच पोशाखात एक वस्तू त्याच्या मातीतली होती आणि दुसरी अमेरिकी कपडेपटातली. दोन्ही ‘इराणी’ म्हणून एकाच पारड्यात टाकल्या, तर वझिरीने लहानपणापासून जे कमावलं होतं ते दिसेनासं होतं. मूळ लेख मी त्यासाठीच लिहिला होता.