उशी धुण्याचा तो ‘रामबाण उपाय’ करू नका

उशा धुण्याबद्दलचा एक संदेश गेले काही दिवस पुन्हा पुन्हा फिरतो आहे. मला तो चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी अगदी काळजीपोटी, कारण माझ्या मुलीला दमा आहे हे त्यांना ठाऊक आहे. संदेश थोडक्यात असा: दोन वर्षं वापरलेल्या उशीचं एक तृतीयांश वजन मेलेल्या किड्यांचं आणि त्यांच्या विष्ठेचं असतं. म्हणून दर महिन्याला उशी टबात बुडवा. उकळतं पाणी, कपभर धुण्याची पावडर, कपभर खायचा सोडा, कपभर व्हिनेगर आणि कपभर ब्लीच एकत्र घाला. पाणी काळं झालं की किडे बाहेर आले असं समजा. कुठल्याही उशीला हा उपाय चालतो. मग उशी दोन तास उन्हात ठेवा, उरलेसुरले जंतूही मरतील. हाताला कोरडी लागली की अभ्रा चढवा.

यातला एक मुद्दा जिवावर बेतू शकतो, म्हणून क्रम सोडून आधी तोच घेते.

‘ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र घाला’

घालू नका. घरी वापरतात ते पातळ ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि व्हिनेगर हे आम्लच आहे. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड असतो, त्यामुळे तो टबाच्या काठाशी रेंगाळतो. उशी दाबून बुडवताना आपलं तोंड नेमकं तिथेच असतं. बंद न्हाणीघरात आणि गरम पाण्यात हे आणखी वाईट. निरोगी माणसाचे डोळे आणि घसा जळजळतो, तर दम्याच्या माणसाला झटका येऊ शकतो. ज्याच्या श्वासासाठी हा खटाटोप करायचा, त्याच्याच घरात हा वायू सोडायचा, हे वाचून मला खरोखर राग आला.

‘पण त्यात सोडाही आहे, तो आम्ल मारतो,’ असं मला एकीनं सांगितलं. मारतो, हे खरं. पण मग व्हिनेगर घातलंच कशाला? सोडा आणि व्हिनेगर भेटले की फसफस होते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. त्यानं मळ निघत नाही. ती फसफस म्हणजे स्वच्छता नव्हे, दोन कामाच्या वस्तूंनी एकमेकांना निकामी केल्याची खूण आहे. शिवाय संदेशात कोणती वस्तू आधी आणि कोणती नंतर, हे दिलेलंच नाही. कोणी व्हिनेगर आधी ब्लीचवर ओतलं, किंवा सोडा न विरघळता तळाशी बसला, तर वायू व्हायचा तो होणारच.

चुकून असं मिश्रण झालंच, तर टब रिकामा करायला वाकू नका. बाहेर पडा, मोकळ्या हवेत जा, दारं-खिडक्या उघडी राहू द्या.

पिवळे डाग घालवायचेच असतील तर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, कोमट ते गरम पाण्यात एकटंच वापरावं, तेही फायबरच्या उशीवर. डाग मुख्यतः घामाचे, लाळेचे आणि डोक्याच्या तेलाचे असतात. ते तेल हवेनं जुनं होतं तसं पिवळं पडतं. फोम तर हवा आणि उजेड लागून आपोआपही पिवळा होतो. म्हणजे पिवळी उशी घाणेरडीच असेल असं नाही, आणि पांढरी झालेली उशी जंतुमुक्त झाली असंही नाही.

‘एक तृतीयांश वजन किड्यांचं’

हे वाक्य संदेशाचं इंजिन आहे. ते वाचून शहारा येतो आणि पुढचं सगळं पटायला लागतं. म्हणून जरा हिशेब करू.

साधारण 600 ग्रॅमची उशी घ्या. एक तृतीयांश म्हणजे 200 ग्रॅम. हे किडे म्हणजे धुळीतले माइट. ते कीटकही नव्हेत; आठ पायांचे, कोळी आणि गोचिडाच्या गोतावळ्यातले. लांबी मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास. एका माइटचं वजन सढळ हातानं 10 मायक्रोग्रॅम धरलं, तरी 200 ग्रॅम भरायला दोन कोटी माइट लागतील. आता दुसरीकडचा आकडा पाहा. घरातल्या एक ग्रॅम धुळीत 100 माइट असले, तर ॲलर्जी जडण्याचा धोका धरला जातो, आणि 500 असले तर दमा उसळण्याचा. म्हणजे डॉक्टरांना शेकड्यांत काळजी वाटते, आणि संदेश कोटींत बोलतो. विष्ठा आणि त्वचेचा कोंडा जमेस धरला तरी हे गणित जुळत नाही.

हिशेब नको असेल तर स्वयंपाकघरातला काटा घ्या. मी मुलीची तीन वर्षं वापरलेली फायबरची उशी धुण्याआधी तोलली: 640 ग्रॅम. धुऊन पूर्ण वाळल्यावर 636. चार ग्रॅम गेले, दोनशे नव्हे.

माइट नसतातच असं मी म्हणत नाही. 1960 च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचं मूळ माइटपर्यंत नेऊन पोचवलं, तेव्हापासून त्याबद्दल शंका उरलेली नाही. पण माइट चावत नाहीत. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा, आणि त्यासाठी ग्रॅम काय, मायक्रोग्रॅमही पुरतात. वजनाची भीती घालणारा संदेश नेमकी हीच गोष्ट विसरतो. माइट मरून पडला तरी त्याची विष्ठा उशीत तशीच राहते. ती काढायची तर धुवावंच लागतं.

यात एक दिलासाही आहे. 1992 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अंथरुणाचे कपडे वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात धुऊन पाहिले. 55 अंश आणि त्याहून गरम पाण्यात सगळे माइट मेले. त्याहून थंड पाण्यात बरेच जगले, पण ॲलर्जी आणणारं प्रथिन मात्र थंड पाण्यातही बहुतांश निघून गेलं. म्हणजे उकळत्या पाण्याची कुठेच गरज नाही. लेबल 60 अंशांना परवानगी देत असेल तर 60, नाहीतर 40 किंवा 30.

‘पाणी काळं झालं की किडे बाहेर आले’

माइट अर्धपारदर्शक असतात, त्यांनी पाणी काळं होत नाही. ते पाणी म्हणजे घाम, तेल, धूळ, खोळीचा सुटलेला रंग आणि आधीच्या धुण्यांत राहून गेलेली पावडर. या शेवटच्या गोष्टीला कपभर पावडर मदतच करते. उशीत फेस अडकतो, खळबळून निघत नाही, वाळल्यावर त्याचा चिकट थर राहतो आणि त्याला मळ लवकर धरतो. उशीसाठी पातळ डिटर्जंट बरं, तेही नेहमीपेक्षा कमी, आणि दोनदा खळबळणं.

‘दर महिन्याला धुवा’

अति आहे. अभ्रा दर आठवड्याला, उशी तीन ते सहा महिन्यांनी. दम्याचं माणूस असेल तर उशीवर घट्ट विणीचं, चेनचं माइटरोधक कव्हर घाला. दर महिन्याच्या धुण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

‘कुठल्याही उशीला चालतो’

फायबरच्या उशीला पाणी चालतं. मशीनमध्ये दोन उशा एकदम टाका, म्हणजे तोल राहतो आणि स्पिनला मशीन आपटत नाही.

कापसाच्या उशीला बुडवणं सोसत नाही. ओला कापूस गच्च बसतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि मधला गोळा कित्येक दिवस ओला राहतो. तिची शिवण उसवून कापूस बाहेर काढावा, मोकळा करून उन्हात पसरावा, पिंजावा, आणि खोळ तेवढी वेगळी धुवावी.

पिसांच्या उशीला ब्लीच म्हणजे शिक्षाच. पीस हे केसांसारखंच केराटिन असतं आणि हायपोक्लोराइट केराटिन खातं. कोमट पाणी, सौम्य डिटर्जंट आणि भरपूर सवड, इतकंच तिला लागतं.

फोम, मेमरी फोम आणि लेटेक्स मशीनमध्ये घालू नका. ओला फोम पाण्यानं जड होतो आणि स्वतःच्याच वजनानं फाटतो. गरम ड्रायरमध्ये तर तो पेट घेऊ शकतो. त्याचं कव्हर काढून धुवा, डाग ओल्या फडक्यानं टिपा. लेबलवर टबाच्या चित्रावर फुली असेल तर ती फुली अशाच उशांसाठी आहे.

‘दोन तास ऊन, आणि हाताला कोरडी लागली की झालं’

माझं खरं भांडण या ओळीशी आहे. बाकीचे मुद्दे चुकले तरी काही जण सावरतील, पण इथे चुकलं की धुतलेली उशी न धुतलेलीपेक्षा वाईट होते.

ऊन चांगलंच आहे. पातळ गालिच्यावर कडक ऊन पडलं तर माइट मरतात, कारण तो पार तळापर्यंत तापतो आणि कोरडा होतो. उशी तशी नाही. ती मुळात उष्णता अडवणारी वस्तू आहे. वरची बाजू चटका देत असताना आतलं फायबर गारच असतं. माइट हवेतल्या ओलाव्यावर जगतात, वरचा भाग सुकला की ते आत सरकतात. आणि मेले तरी विष्ठा तिथेच, हे वर आलंच.

ओल्या उशीचंही तसंच. खोळ आधी सुकते आणि हात फक्त खोळीलाच लागतो. आतला ओलावा फायबरमधून वाट काढत बाहेर यायला वेळ घेतो. तेवढ्यात आपण अभ्रा चढवून वर डोकं ठेवलं, तर रोज रात्री उशीला अंगाची ऊब आणि घामाची वाफ मिळते. बुरशीला याहून सोयीचं काही नसतं. मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड ते वीस वर्षं वापरलेल्या दहा उशा तपासल्या होत्या. प्रत्येक उशीत चार ते सोळा जातींची बुरशी निघाली, आणि त्यात सगळ्यात जास्त आढळली ती फुफ्फुसांना त्रास देणारी ॲस्परजिलस फ्युमिगेटस. या नुसत्या वापरातल्या उशा होत्या. त्यात आतून ओल राहिली तर काय होईल, ते सांगायला नको.

मी हे एकदा केलं आहे. मुलीची आधीची उशी दिवसभर उन्हात ठेवली, दाबून पाहिली, कोरडी लागली, अभ्रा घातला. पाचव्या दिवशी तिला आंबूस वास यायला लागला. ती टाकून द्यावी लागली, आणि चार रात्री तिनं त्यावर डोकं ठेवलं होतं याची खंत अजून आहे.

तेव्हापासून मी हातावर विश्वास ठेवत नाही, काट्यावर ठेवते. उशी धुण्याआधी तोलायची आणि आकडा लेबलच्या मागे लिहायचा. पॉलिएस्टर फायबर स्वतःमध्ये पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे जास्तीचं वजन म्हणजे धाग्यांमध्ये अडकलेलं पाणी, दुसरं काही नाही. वर सांगितलेली 640 ग्रॅमची उशी पहिल्या संध्याकाळी हाताला ठणठणीत कोरडी होती. काट्यावर 690. म्हणजे दहा चहाचे चमचे भरून पाणी आत होतं!

वाळवायची रीत साधी आहे. जास्तीचा एक स्पिन द्या. हातानं पिळू नका, फायबर तुटतं. दोन टॉवेलांमध्ये दाबा. दोरीवर कोपऱ्यानं टांगू नका, सगळं भरण खाली उतरतं. जाळीवर आडवी ठेवा, म्हणजे खालूनही वारा लागेल. दोन-तीन तासांनी उलटायची आणि प्रत्येक वेळी आतल्या गुठळ्या बोटांनी मोकळ्या करायच्या. ड्रायर असेल तर कमी उष्णता आणि सोबत दोन स्वच्छ टेनिसबॉल. पिसांच्या उशीला अशा दोन-तीन फेऱ्या लागतात. उशी एक-दोन दिवसांत वाळायलाच हवी, बुरशी त्याहून जास्त थांबत नाही. म्हणून हवा दमट असेल तेव्हा धुणं पुढे ढकला.

ज्यांनी हा संदेश वाचून उशी आधीच बुडवली आहे, त्यांच्यासाठी. फायबरची असेल तर साध्या पाण्यातून दोनदा काढा आणि वर सांगितल्यासारखी वाळवा. आधीचं वजन माहीत नसेल तर सकाळ-संध्याकाळ तोला. लागोपाठ तीनदा आकडा तोच आला की वाळली. फोमची असेल तर टबातून उचलताना दोन्ही तळहात खालून द्या, टॉवेलवर ठेवून सपाट हातानं पाणी दाबून काढा, आणि उन्हात नको, सावलीत पंख्याखाली उभी ठेवा. दोन दिवसांनी मध्ये नाक खुपसून वास घ्या. कुबट असेल तर तिच्यावर कोणाला झोपवू नका.