बारा पट मोठा सेन्सर आणि दीडशे मीटरवरचा फ्लेमिंगो

खाडीवर फ्लेमिंगो उतरले की ठाणे-नवी मुंबईतल्या पक्षीवेड्यांच्या ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. मजकूर साधारण असा: ‘जुने सुपरझूम ब्रिज कॅमेरे आता भंगारात काढा. नवा मिररलेस दोन लेन्सच्या किटसह घ्या. एक, सेन्सर बारा पट मोठा, त्यामुळे क्रॉप केलं की तेवढाच झूम मिळतो. दोन, प्रकाशही बारा पट, म्हणून कमी उजेडातही स्वच्छ फोटो. तीन, वजन निम्मं. चार, फोकस थेट पक्ष्याच्या डोळ्यावर. पाच, ब्रिज कॅमेऱ्यात रॉ नसतं. सहा, जुना कॅमेरा फुकट दिला तरी कोणी घेणार नाही.’

ब्रिज कॅमेरा म्हणजे न निघणाऱ्या एकाच लांब झूमचा, मिररलेस म्हणजे लेन्स बदलता येणारा; सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी आतली चिप, आणि रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल. संदेशातला चौथा मुद्दा खरा आहे. दुसरा आणि तिसरा अर्धे खरे, पाचवा ऐकीव, सहावा उगाच. पहिला मात्र साफ चूक आहे, आणि नेमका त्याच्याच जोरावर लोक कॅमेरे विकायला काढतात.

हवेत बोलण्यापेक्षा दोन कॅमेरे समोर ठेवू. जुन्यांत निकॉनचा पी९००: २०१५ चा, १६ मेगापिक्सेल, जाहिरातीतला झूम २४ ते २००० मिमी. नव्यांत कॅननचा आर५०: २०२३ चा, २४ मेगापिक्सेल, सोबत किटमधल्या १८-४५ आणि ५५-२१० या दोन लेन्स. दुसरी कोणतीही जोडी घेतली तर आकडे बदलतील, हिशेबाची रीत हीच राहील.

‘क्रॉप केलं की तेवढाच झूम’

पी९०० चे २००० मिमी म्हणजे ‘समतुल्य’ मिमी, जुन्या ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या मापात सांगितलेले. भिंगाची खरी फोकल लेंथ ३५७ मिमी. सेन्सर जेमतेम ६.१७ मिमी रुंद आणि त्यावर ४६०८ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल सुमारे १.३४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आर५० चा सेन्सर २२.३ मिमी रुंद, त्यावर ६००० पिक्सेल, म्हणजे पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा. सेन्सर मोठा आहे हे खरं, पण पिक्सेलही मोठे आहेत आणि किटमधली लांब लेन्स २१० मिमीलाच संपते.

आता ओहोटीच्या वेळी खाडीकाठी उभं राहा. पाणी मागे हटलेलं, पक्षी चिखलाच्या पट्ट्यावर, अंतर धरा दीडशे मीटर. लहान फ्लेमिंगोची (लेसर फ्लेमिंगो या जातीची) उंची धरा ९० सेंटिमीटर. पक्ष्याची उंची गुणिले फोकल लेंथ भागिले अंतर, एवढं केलं की सेन्सरवर पडणारी प्रतिमा मिळते. पी९०० वर ती २.१४ मिमी, म्हणजे चोचीपासून पायापर्यंत साधारण १६०० पिक्सेल. आर५० वर २१० मिमीला १.२६ मिमी, म्हणजे ३४० पिक्सेल. क्रॉप हवा तेवढा करा, ३४० चे १६०० होत नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर बरा दिसेल, पण पिसांतला गुलाबी आणि पांढरा वेगळा काढायला गेलात की ठोकळे दिसू लागतील.

इथे उलट बाजूची फुशारकीही आवरायला हवी. पी९०० चे १६०० पिक्सेल सगळे कामाचे नाहीत. एफ/६.५ ला (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं भिंगाचं भोक मोठं) प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे भोकातून जाताना तो पसरल्यामुळे, एका बिंदूची सुमारे ८.७ मायक्रॉनची चकती होते, म्हणजे एक बिंदू सहा-सात पिक्सेलांवर पसरतो. दीडशे मीटरवर पी९०० ला दिसणारा सगळ्यात बारीक तपशील म्हणूनच दोन मिलिमीटरच्या आसपास थांबतो. आर५० मध्ये २१० ला अडसर पिक्सेलचा आहे, आणि तिथे हा आकडा पाच मिलिमीटरच्या वर जातो. फरक पाच पटींचा नसून अडीच-पावणेतीन पटींचा, पण तो आहे आणि ठसठशीत आहे. त्याच आर५० ला कॅननची आरएफ १००-४०० लेन्स लावली तर आकडा पावणेतीन मिलिमीटरपर्यंत येतो. म्हणजे पी९०० च्या जवळ पोचायला किट पुरत नाही, वेगळी लेन्स घ्यावी लागते. संदेशात तिचा उल्लेख नाही.

शिवाय हे सगळं पहाटेच्या गार हवेत. ऊन चढलं की चिखलावरची हवा लहरू लागते, मग २००० मिमी काय आणि ३००० मिमी काय, पक्ष्याचे पाय पाण्यातल्या काठीसारखे वाकडे दिसतात. फोटो मऊ आला की लोक आधी कॅमेऱ्याला बोल लावतात. व्ह्यूफाइंडरमध्ये पक्ष्याची कड थरथरताना दिसली, तर लेन्स, ट्रायपॉड, सेटिंग यांपैकी कशानेही ती थांबत नाही. एक तर जवळ जायचं, नाही तर दुसऱ्या दिवशी लवकर यायचं.

‘प्रकाश बारा पट’

सेन्सरचं क्षेत्रफळ काढलं तर २८ चौरस मिमी विरुद्ध ३३२. बारा पट बरोबर आहे. पण सेन्सरवर प्रकाश लेन्समधून येतो, आणि किटची १८-४५ रुंद टोकाला, म्हणजे झूम पूर्ण मागे असताना, एफ/४.५ वर सुरू होते. पी९०० त्याच टोकाला एफ/२.८ उघडतो. हे जमेस धरलं की बारा पटींचे उरतात साडेचार पट, म्हणजे दोन स्टॉपांहून थोडे अधिक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). पाम बीच रोडवरची संध्याकाळ किंवा पारसिकच्या डोंगरावरून दिसणारे दिवे हातात कॅमेरा धरून टिपायचे असतील, तर दोन स्टॉप खूप झाले. तिथे मिररलेसच घ्या, आणि जमलं तर त्याला एफ/१.८ ची एखादी साधी ५० मिमी लेन्स लावा. मग मोठ्या सेन्सरचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतील.

लांब टोकाला मात्र पारडं फिरतं. लांबचा पक्षी फ्रेमच्या कोपऱ्याएवढा असतो, उरलेला सेन्सर चिखलाचा फोटो काढत असतो. पक्ष्याकडून आलेला प्रकाश किती गोळा झाला, हे सेन्सरवर ठरत नाही. ते ठरतं लेन्सच्या भोकावर. फोकल लेंथला एफ-नंबरने भागा. पी९००: ३५७ भागिले ६.५, म्हणजे ५५ मिमी. किटची ५५-२१०: २१० भागिले ७.१, म्हणजे ३० मिमीला थोडं कमी. १००-४००: ४०० भागिले ८, म्हणजे ५० मिमी. भोकाचा वर्ग केला की कळतं, त्या एका फ्लेमिंगोकडून पी९०० ला किटपेक्षा जवळजवळ साडेतीन पट प्रकाश मिळतो. आणि १००-४०० लावलेला आर५० त्याच्या किंचित मागे, जवळपास बरोबरीतच. नवा कॅमेरा घ्यायला दुकानात गेलात तर मेगापिक्सेल विचारण्याआधी हा एक भागाकार मोबाइलवर करून बघा.

पक्षी जवळ आला की गणित पुन्हा उलटतं. येऊरच्या जंगलात, सावलीत दहा मीटरवर बुलबुल बसला, तर पी९०० वर पूर्ण झूमला तो फ्रेममध्ये मावतच नाही. झूम मागे घ्यावा लागतो, आणि झूम मागे घेतला की ते ५५ मिमीचं भोकही लहान होतं. आर५० वर २१० मिमीला हाच वीस सेंटिमीटरचा पक्षी अकराशे पिक्सेलचा मिळतो, एवढ्यात छापायलाही चालेल.

‘वजन निम्मं’

आर५० बॅटरी-कार्डासह ३७५ ग्रॅम, १८-४५ लेन्स १३० ग्रॅम. एकूण ५०५, समोर पी९०० चे ८९९. निम्म्याच्या आसपास झालं खरं, पण या जोडीत पक्षी येत नाहीत. ५५-२१० चे २७० ग्रॅम धरा, ७७५ होतात. १००-४०० ची ६३५ ग्रॅमची लेन्स लावली की बॉडीसकट १०१० ग्रॅम, आणि रुंद लेन्स पिशवीत वेगळी.

‘फोकस डोळ्यावर’

इथे वाद नाही. पी९०० कॉन्ट्रास्टवर फोकस शोधतो, पुढे-मागे होत. लांब टोकाला, फिक्या पाण्यासमोर तो बऱ्याचदा चुकतो. सेकंदाला सात फोटो काढतो, पण सात झाले की थांबून लिहीत बसतो. उडणाऱ्या थव्यासाठी तो नाहीच. आर५० पक्षी ओळखतो, डोळा धरतो आणि उडताना सोडत नाही.

फक्त दोन गोष्टी दुकानात कोणी सांगत नाही. पंधरा फ्रेमचा वेग पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर मिळतो. त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे वेगाने फडफडणारे पंख वाकडे येतात. बारा फ्रेमवर ठेवा, इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरची सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट यांत्रिक) निवडा, पंख सरळ येतील. दुसरं, रॉमध्ये या कॅमेऱ्याचं बफर, म्हणजे कार्डावर लिहिण्याआधीची तात्पुरती साठवण, दहा फ्रेमच्या आत भरतं. थवा उठेल तेव्हा जेपेगवर या, नाही तर पहिल्या सेकंदातच कॅमेरा गप्प बसेल.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने जाणाऱ्यांनीही मिररलेसच न्यावा. बोट हलते, आणि २००० मिमीची फ्रेम पन्नास मीटरवर एक मीटरही रुंद नसते. पक्षी त्यात टिकत नाही. याच अंतरावर २१० मिमीच्या किट लेन्सलाही पक्षी हजारभर पिक्सेलचा मिळतो. सीवूड्सच्या टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळीवर भरतीच्या वेळी हेच होतं. खाडी भरली की थवे आत सरकतात, अंतर घटतं, आणि लांब झूमचं महत्त्व कमी होतं. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून कोणता कॅमेरा न्यायचा ते ठरवता येतं.

जुन्या कॅमेऱ्यावर काठावरून फोटो काढायचे असतील तर एक युक्ती लक्षात ठेवा. पूर्ण झूमला दीडशे मीटरवरची फ्रेम अवघी अडीच मीटर रुंद असते, तिच्यात पक्षी शोधणं म्हणजे गवतात सुई. पी९०० च्या भिंगाच्या डाव्या अंगाला एक बटण आहे. ते दाबून धरलं की झूम तात्पुरता मागे येतो, सोडलं की होता तिथे जातो. आधी दाबून पक्षी मध्ये आणा, मग सोडा. ट्रायपॉडवर असाल तर स्टॅबिलायझेशन बंद करा, नाही तर फ्रेम हळूहळू तरंगत राहते. मोनोपॉडवर चालूच ठेवा.

‘ब्रिज कॅमेऱ्यात रॉ नसतं’

पी९०० मध्ये नाही, हे खरं. पण कॅननच्या एसएक्स६० मध्ये २०१४ पासून आहे, निकॉनच्याच पी१००० (२०१८) आणि पी९५० (२०२०) मध्ये आहे. एका मॉडेलची उणीव सगळ्या जातीच्या माथी मारली आहे. पी९०० वाल्यांनी नॉईज रिडक्शन ‘लो’वर ठेवावं, कारण नेहमीच्या सेटिंगला तो दाण्यांसोबत पिसंही पुसून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन वजा ०.३ ते वजा ०.७. फ्लेमिंगोच्या पाठीचा पांढरा एकदा जळला की जेपेगमधून परत येत नाही.

आणि चंद्र. पारसिकच्या रांगेवरून उगवणारी पौर्णिमा पी९०० वर फ्रेमच्या उंचीचा सुमारे सत्तर टक्के भाग व्यापते, २४०० पिक्सेल. किटच्या २१० ला जेमतेम ५१०. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, शटर १/२५० सेकंद. हे गणित तर संदेश लिहिणाऱ्याने घरच्या गच्चीवरूनच करून बघायला हवं होतं.

‘फुकट दिला तरी कोणी घेणार नाही’

ज्याला काठावरून पक्षी ओळखायचे आहेत आणि लेन्सवर वेगळा खर्च करायचा नाही, तो हा कॅमेरा आजही घेईल. वापरलेला घेणाऱ्याने मात्र घाई करू नये. झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा वेळा न्या-आणा. करकर आली, मध्येच अडला, किंवा लेन्स एररचा संदेश आला, तर नको म्हणा. झूमची मोटर आणि आतली रिबन केबल हेच या जातीचं दुखणं, आणि दुरुस्तीत अख्खा भिंगसंचच बदलायची वेळ येते. बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवा, डुलली तर ती फुगली आहे. लेन्सला झाकण लावून दोन सेकंदांचं एक्स्पोजर द्या आणि काळ्या फोटोत चमकणारे ठिपके, म्हणजे सेन्सरचे बिघडलेले पिक्सेल, मोजा.

शेवटी बुरशी. खाडीकाठच्या पावसाळ्यात ती कपाटातल्या कॅमेऱ्यालाही सोडत नाही. मिररलेसची लेन्स काढून साफ करून घेता येते, ब्रिज कॅमेऱ्याचं भिंग बंद असतं. अंधाऱ्या खोलीत मोबाइलची टॉर्च तिरकी मारा आणि पूर्ण झूमला पुढून बघा. धुळीचे चार कण चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर विकणारा किती कमी करतोय ते विचारू नका.