शाश्वत मनुष्यबळ : नव्या कुलसचिवांच्या कानात चार गोष्टी

अभिनंदन, साहेब. कुलसचिवपदाचा कार्यभार तुमच्याकडे आला, तोही 'पुढील आदेशापर्यंत'. टेबलावर पहिलीच फाइल रिक्त पदांची दिसेल. घाबरू नका, आणि पदं भरायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. भरलेली जागा साठाव्या वर्षापर्यंत अडून राहते. वेतनवाढ मागते, आजारी पडते, संघटनेत जाते. रिक्त जागा काही म्हणजे काही मागत नाही. शाश्वत म्हणतात ते हेच.

मग शिकवणार कोण, असं मनात आलं असेल तर तुमच्यातला प्राध्यापक अजून मेलेला नाही. अहो, शिकवणारा दर जूनला आपोआप उगवतो. पेपरच्या कोपऱ्यात बोटभर जाहिरात द्या : तासिका तत्त्वावर, मूळ कागदपत्रांसह, स्वखर्चाने. नेट, सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा आणि वर पीएचडी, अशी तिन्ही बिरुदं मिरवणारी माणसं पहाटेची एसटी पकडून येतात. एप्रिलमध्ये ती मावळतात. मे महिन्यात त्यांनी काय खायचं, हा विषय २०१६च्या विद्यापीठ कायद्यात नाही. मी शोधून पाहिलंय.

'तासिका' या शब्दाचं मोल ओळखा. माणूस नेमला तर महिना मोजावा लागतो. तासिका नेमली की घड्याळ पुरतं. १५ ऑगस्टला सव्वासात वाजता झेंडावंदनाला त्याला बोलवाच, राष्ट्रप्रेमाचा प्रश्न आहे. त्या दिवशी तास नसतो, त्यामुळे बिलही नसतं. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचे दिवस, पेपर तपासणीनंतरची रिझल्टची धावपळ, सगळं याच हिशेबात बसतं. तुमच्याकडे तासिका ४८ मिनिटांची असेल तर अधिकच उत्तम. मानधन घड्याळी तासावर ठरवा. पाच वेळा वर्गात उभा राहिला की बिलावर चारच तास चढतात. बिल लेखा विभागात गेलं की एक त्रुटी काढून परत पाठवा. एका वेळी एकच काढायची, सगळ्या एकदम काढल्या की बिल लगेच मंजूर होतं.

नियमांची भीती बाळगू नका. कंत्राटी शिक्षक एकूण अध्यापक पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत आहे. कुणी बोट ठेवलंच तर सांगा, हे कंत्राटी नाहीत, तासिकेवरचे आहेत. अतिथी अध्यापकाला तासाला १५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० द्यावेत, असं आयोगाने २०१९ साली कळवलं होतं. त्यातला 'जास्तीत जास्त' तेवढा लक्षात ठेवायचा.

तरी कुणी भरतीचा आग्रह धरला तर सरकारकडून शिका. २०१८ साली अनुदानित महाविद्यालयांतल्या सहायक प्राध्यापकांच्या ३५८० जागा भरायला परवानगी मिळाली. त्यातल्या २०८८ उरल्या. मधे कोरोना आला, ४ मे २०२०च्या निर्णयाने नव्या भरतीला कुलूप लागलं. मग २०२१ साली त्याच २०८८ जागांना पुन्हा परवानगी! एकाच जागेची बातमी दोनदा, पेढेही दोनदा. पुनर्वापर याहून वेगळा काय असतो?

महाविद्यालय-विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती येणार असेल तेव्हा मात्र हात आखडता घेऊ नका. तेवढ्या दिवसांपुरती ही तासिकेवरची माणसं आपली. त्यांची नावं प्राध्यापकांच्या यादीत घाला, शोधनिबंध अहवालात मोजा, स्वच्छ शर्ट घालून पुढच्या रांगेत बसवा. नर्सरीतून कुंड्या आणतो ना, तसंच. फक्त कुंड्यांचं भाडं वेळेवर द्यावं लागतं, नर्सरीवाला ऐकून घेत नाही.

कायम असलेल्यांना अगदीच विसरू नका. त्यांना पदोन्नतीच्या फाइलमध्ये गुंतवून ठेवा. दहा वर्षांपूर्वीच्या चर्चासत्राचं प्रमाणपत्र मागितलं की माणूस वर्षभर कपाटं उपसत बसतो. शिकवायला वेळ मिळाला नाही तर तासिकेवरचा आहेच की.

पुण्यात सेंट्रल बिल्डिंगसमोर, म्हणजे उच्च शिक्षण संचालनालयाच्या दारात, तासिकेवरचे अधूनमधून धरणं धरतात, तिकडे लक्ष देऊ नये. जूनमध्ये तीच माणसं आपल्या बाकावर येऊन बसतात.

तो बाक नीट ठेवा मात्र. चौदा वर्षं तासिकेवर काढलेला एखादा त्यावर चौदा अनुभव प्रमाणपत्रं घेऊन बसलेला असेल. शेजारी त्याचीच जुनी विद्यार्थिनी, यंदा सेट झालेली, फाइल छातीशी धरून. ती उठून 'सर, तुम्ही बसा' म्हणेल, तो म्हणेल 'अगं, राहू दे.' जागा एकच आहे, आठवड्याला नऊ तासांची. मुलाखतीला उशीर होणारच, तोवर दोघांना चहा पाठवा. किरकोळ खर्चात टाकता येतो.